कानांनी वाचलेलं पुस्तक

पुस्तक ऐकलं तर ते वाचलं म्हणायचं का, असा प्रश्न माझे निवृत्त मित्र हमखास विचारतात. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन असेल तर खुशाल म्हणा. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. पुढे कित्येक पिढ्यांनी ती पोथी देवळात बसून कानांनीच घेतली.

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. काळ्या ट्रंकेत वीसेक मराठी पुस्तकं मावायची, नवीन मिळायचं ते रजेवर घरी गेल्यावरच. इंदूर-बडोद्याची गोष्ट वेगळी, पण त्याहून लांब राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आता मोबाइलवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं, तेही मराठी घेऊनच. माझ्यापुढचा प्रश्न आता डोळ्यांचा आहे. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूनं बरीच गेली. गेलेली परत येत नाही, औषधाचे थेंब उरलेली सांभाळतात. म्हणून छापील पानं मी मोजून वाचतो, बाकीचं ऐकतो. ज्यांना छापील मजकूर वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी 2016 पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. अवश्य चौकशी करा.

पण ऐकण्याचा खरा फायदा मला नातवामुळे कळला. तो बंगळुरूत वाढतोय. शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी येते, पण मराठी वाचतो ते हिंदी उच्चारांनी. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणून बघा. ‘झ’ एकच, पण पहिल्यात जीभ दातांकडे जाते, दुसऱ्यात टाळूकडे. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ही तसाच. लिपी हा फरक दाखवतच नाही. महाराष्ट्रात तो शेजारीपाजारी, बाजारात आपोआप कानावर पडतो. बाहेर वाढणाऱ्या पोराला कोण सांगणार? घरात आई-वडील मराठी बोलतात, पण ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’ एवढंच. भांडण, थट्टा, देवघर, शेत यांतली भाषा त्याला पुस्तकातूनच मिळायची, आणि ती योग्य आवाजात मिळायला हवी. म्हणून वाचणारा निवडताना मी कडक आहे. पहिली दहा मिनिटं ऐकतो. उच्चार सैल किंवा उगाच नाटकी वाटला, तर पुस्तक बदलतो.

सगळंच कानाला मानवत नाही. कविता फार लवकर निघून जाते. नकाशे, तळटीपा असलेला इतिहास कागदावरच बरा. लष्करी इतिहास तर नकाशाशिवाय मी हातात धरत नाही. डोंगराळ भागात जाणार असाल तर पुस्तक आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि रस्त्यावर चालताना एक कान मोकळा ठेवा.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर ‘श्यामची आई’पासून. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण 42. साने गुरुजींनी ती सांगितल्यासारखीच लिहिली आहे. गुरुजी 1950 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे कुणीही ती वाचून ध्वनिमुद्रित करू शकतं. सुट्टीत नातू आला की आम्ही रोज एकच रात्र ऐकतो. छापील पुस्तक त्याच्या मांडीवर उघडं असतं, बोट ओळीवर. सध्या 17व्या रात्रीवर आहोत.