पहिला मसुदा माझा मीच लिहिते

गेल्या हिवाळ्यात लॅब मीटिंगमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. एका परिषदेला पाठवायचा सारांश मी आदल्या रात्री चॅटबॉटकडून लिहून घेतला होता. मुद्दे माझे, आकडे माझे, वाक्यं तेवढी त्याची. इंग्रजी अगदी सफाईदार! दुसऱ्या दिवशी तो पडद्यावर लावला आणि पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "तिसऱ्या वाक्यात 'त्यामुळे' कुठून आलं? आपण तर दोन गोष्टी फक्त एकत्र घडताना पाहिल्यात."

तिचं बरोबर होतं. जिवाणूंमध्ये एका प्रथिनाचं प्रमाण वाढलं आणि त्याच सुमारास त्यांची वाढ मंदावली, एवढंच आम्हाला दिसलं होतं. पहिल्यामुळे दुसरं घडलं, हे तपासणारा प्रयोग अजून व्हायचा होता. गंमत म्हणजे, ते 'त्यामुळे' लिहायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. अशा जागी तो शब्द बहुधा येतो म्हणून यंत्रानं घातला, आणि वाक्य वाचायला छान वाटलं म्हणून मला खटकला नाही.

तेव्हापासून पहिला मसुदा मी स्वतःच लिहिते, मग तो शोधनिबंध असो की तुम्ही आता वाचताय तसा लेख.

यंत्र नेमकं काय करतं?

भाषेचं मॉडेल मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडतं आणि आधीचे तुकडे पाहून पुढचा कोणता येण्याची शक्यता किती, हे मोजतं. अफाट मजकुरावर हा सराव झालेला असतो, नंतर माणसांच्या पसंतीनुसार त्याला आणखी वळण लावलेलं असतं. त्यातून निघणारं वाक्य बहुतेक वेळा पटण्यासारखं असतं. पण पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यांत फरक आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांत अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले सापडले. ते चॅटबॉटनं दिले होते. वकिलानं त्यालाच "हा खटला खरा आहे ना?" असं विचारलं, तर तो "हो" म्हणाला! न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.

असे खोटे दाखले शोधून काढता तरी येतात. माझं 'त्यामुळे' त्याहून अवघड, कारण ते शोधायला तो विचार आधी स्वतः केलेला असावा लागतो.

हाताने केलेलं लक्षात राहतं

१९७८ मध्ये नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. इतरांना जोडीतला दुसरा शब्द पहिल्या अक्षरावरून स्वतः ओळखायला लावला. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाला 'समुद्र–सागर' आयतं मिळालं, दुसऱ्याला 'समुद्र–सा...' एवढंच. स्वतः ओळखलेले शब्द जास्त लक्षात राहिले. पुढे २००७ मध्ये अशा ८६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही हा परिणाम टिकला. सरासरी फरक सुमारे ०.४ प्रमाण विचलन, म्हणजे मध्यम पण खराखुरा.

शब्दांच्या जोड्या आणि शोधनिबंध यांत खूप अंतर आहे, हे मान्य. या प्रयोगावरून 'एआय वापरू नका' असं काही सिद्ध होत नाही. पण त्या सकाळी माझ्याच सारांशातलं वाक्य मला परकं का वाटलं, याचा थोडा अंदाज येतो. रिचर्ड फाइनमन यांच्या टिपणांना एका इतिहासकारानं त्यांच्या कामाची नोंद म्हटलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं, ही कामाची नोंद नव्हे, काम याच कागदांवर झालं आहे. माझंही तसंच आहे. वाक्य अडलं की बहुतेक वेळा भाषा अडलेली नसते, विचार अडलेला असतो.

आणि मराठीचं काय?

मध्यंतरी परासरणावर लेख लिहीत होते. चॅटबॉटला विचारलं तर त्यानं 'अर्धपारगम्य पटलातून पाण्याच्या रेणूंचे स्थलांतर होते' असं लिहून दिलं. चूक काहीच नाही, पण हे वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काय उभं राहणार? शेवटी वैतागून आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तेच ना?" पाणी सुटतं! हे क्रियापद मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि परदेशात बारा वर्षं काढल्यावर विसरत चालले होते. मला वाटतं, इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांची हीच अडचण आहे. घराबाहेर मराठी कानावर पडत नाही, लिहिणं तर दूरच. मराठी शब्द आठवायची धडपडही मी यंत्राला देऊन टाकली, तर माझ्याकडे राहणार काय?

मी यंत्राच्या विरोधात नाही

प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला निम्मा वाटा दिला गेला, आणि त्या रचना मी जवळजवळ दर आठवड्याला वापरते. कोड लिहितानाही मदत घेते, कारण तो चालवून तपासता येतो. माझ्या एका सहकाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे. व्याकरण सुधारून मिळाल्यामुळे त्याचे निबंध आता भाषेवरून परत येत नाहीत, याचा मला आनंदच आहे. पण तोही आधी स्वतः लिहितो, दुरुस्ती नंतर.

सारांशातलं ते 'त्यामुळे' मी काढलं आणि 'त्याच सुमारास' घातलं. राहिलेल्या प्रयोगाला चार महिने लागले. आम्ही त्या प्रथिनाचं प्रमाण मुद्दाम वाढवून पाहिलं. जिवाणूंच्या वाढीवर काहीच परिणाम झाला नाही. मग उलट करून पाहिलं. दुसऱ्या मार्गानं वाढ मंद केली, तर प्रथिनाचं प्रमाण आपोआप चढलं! म्हणजे कार्यकारणाची दिशा नेमकी उलटी होती. तो निबंध सध्या लिहिते आहे. फार हळू चाललंय, पण प्रत्येक 'त्यामुळे' का लिहिलं, हे आता मला सांगता येतं.