गप्पी मासा : हौदातला पहारेकरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सिंदफणेकाठच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आला. चार दिवसांचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर बारीक लाल पुरळ. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. मुलगी सलाईनवर असताना मी वडिलांना विचारले, "घरी पाणी कशात साठवता?" ते म्हणाले, "हौदात, अन् दोन पिंपं हायेत." मी नेहमीचा उपदेश केला, की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नळाला पाणी धा-बारा दिसांनी येतंय. हौद रिकामा केला तर प्यावं काय?"

मला उत्तर सुचले नाही. भरवशाच्या पाण्याचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध किती, हे वाचकांना मी सांगायला नको. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे दोन पाण्यांमधले अंतर हे डासाच्या एका पिढीला पुरेसे आहे! पाणीटंचाई आणि डेंग्यू ही जोडी अशी जमते. ज्याला हौद रिकामा करणे परवडत नाही, त्याच्यासाठी आजचा हा लेख.

हौदात वळवळणाऱ्या बारीक अळ्यांना आपल्याकडे बायका 'पाण्यात किडे झाले' म्हणतात आणि फडक्याने पाणी गाळून मोकळ्या होतात. ते किडे म्हणजे डासांची पिले. ती खाणारा एक मासा आहे, गप्पी. तो गप्पा मारत नाही, आणि नावही मराठी नाही. त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी या माशाचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविले, तेथील तज्ज्ञाने १८६६ साली माशाला त्यांचे नाव दिले. खरे म्हणजे व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून एका जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन १८५९ सालीच केले होते. शास्त्रीय नाव पुढे बदलले, पण लोकांच्या तोंडी गप्पीच राहिले.

त्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदादच्या डोंगरातले ओढे. तिथे धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, म्हणून खालच्या अंगाचे गप्पी नर फिकट असतात. धबधब्याच्या वर शिकारी फारसे पोचत नाहीत, तिथले नर रंगीबेरंगी. शत्रू नसला की नटायला हरकत नाही! शास्त्रज्ञांनी या ओढ्यांवर अनेक वर्षे अभ्यास केला आहे. असा डोंगरओढ्यातला मासा आज आपल्या गटारातही जगतो, कारण गढूळ, घाण, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो. नर जेमतेम तीन सेंटीमीटरचा, मादी त्याहून मोठी. मादी अंडी घालीत नाही, पिलांनाच जन्म देते, तेही साधारण महिन्याला एकदा. एकदा नराचा संग झाला की मादी पुढच्या अनेक वेतांसाठी बीज साठवून ठेवते. तोंड वरच्या बाजूला असल्याने पृष्ठभागाशी श्वास घ्यायला आलेली अळी तो सहज टिपतो. एक मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असे सरकारी कार्यक्रमाच्या माहितीत दिलेले असते. मात्र हाच मासा स्वतःची पिलेही खातो, म्हणून हौदात थोडे शेवाळ किंवा पाणवनस्पती असलेली बरी.

डास आणि हिवताप यांचा संबंध जिथे सिद्ध झाला, ती जागाही आपल्याला परकी नाही. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्या वेळी बीड हा त्याच निजामी राज्यातला जिल्हा होता. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी आपल्या देशात आला, आणि त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ साली इटलीहून आणला गेला.

आता दुसरी बाजू. मासे सोडले की रोग गेला, असे मी सांगणार नाही. २०१७ साली जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात माशांमुळे अळ्या कमी होतात असे दिसले, पण त्यामुळे हिवतापाचे रुग्ण कमी होतात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. हौदात मासे असतील आणि माळवदावरच्या जुन्या टायरात पाणी असेल, तर त्या टायरातले डास चावणारच. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून जातात, मागे रांजणात उरलेले पाणी तसेच राहते, ही गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. जाताना रांजण पालथा घालावा, एवढेच करायचे असते. एडिसची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने जगतात, म्हणून नुसते ओतून भागत नाही, काथ्याने घासावे लागते.

आणखी एक विनंती. हे मासे नदीत, तलावात सोडू नका. उत्साही मंडळी असे करतात. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा, गोदावरी यांच्या डोहांत आपले स्वतःचे छोटे मासे आहेत, त्यांतले काही डासांच्या अळ्या खातातच. बाहेरचा मासा त्यांचे अन्न आणि पिले फस्त करतो. गप्पीची जागा हौद, जनावरांच्या पाण्याची टाकी, बांधकामावरचे टाके आणि तुंबलेली गटारे. हौदाच्या पृष्ठभागाला चौरस मीटरमागे ५ ते १० मासे पुरेत. रांजणात, माठात मासे सोडू नका, ते रिकामे करून घासायचेच.

एक माळकरी आजी म्हणाल्या, "मासे सोडलेलं पाणी देवाला कसं चालंल?" मी म्हटले, "आजी, आपलं कंकालेश्वर पाण्यातच उभं आहे. देवाला पाण्यातल्या जिवांचं वावडं असतं तर तो तिथं राहिला असता का?" आजी हसल्या. पिण्यापुरते पाणी गाळून, उकळून निराळे ठेवावे, ते मासे असोत वा नसोत.

डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन आणि ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. ताप उतरला म्हणजे सुटलो असे समजू नये, धोका बहुधा ताप उतरतानाच असतो. पोटात जोराचे दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मुलाला गुंगी, हातपाय गार, यांपैकी काहीही दिसले तर पपईच्या पानांच्या रसात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

ती मुलगी पाचव्या दिवशी बरी होऊन घरी गेली. वडिलांनी आरोग्य केंद्राच्या हौदातून किटलीभर मासे नेले, आणि आठ दिवसांनी तक्रार घेऊन आले, "साहेब, सगळे मेले." चौकशी केली तेव्हा कळले की त्याच दिवशी टँकरचे पाणी भरले होते आणि वर यांनी घरचीही ब्लीचिंग पावडर टाकली होती. क्लोरिनने मासे मरतात. पाणी दोन दिवस उघडे ठेवून मग मासे सोडायला सांगितले, तेही किटली आधी पाव तास हौदात तरंगत ठेवून, म्हणजे गार-गरम पाण्याचा धक्का बसत नाही. दुसऱ्या वेळचे मासे अजून आहेत. परवा मुलगी वडिलांबरोबर आली होती, तिने सांगितले की पिले झाली आहेत आणि शेजारच्या दोन घरांनी मागून नेली आहेत.