गोवंडीची पिकअप : बळ, भरवसा आणि बैठक

मुंबईच्या नकाशात गोवंडीचे स्थान मोठे विलक्षण आहे; शहराला जे नकोसे होते ते तिच्या दारी आणून टाकले जाते आणि शहराला जे हवे असते त्यातले पुष्कळसे तिच्याच रस्त्यांवरून शहरात जाते. १९२७ पासून देवनारच्या खाडीकाठी मुंबईचा कचरा पडू लागला. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलला. त्याच दशकात महापालिकेने शहरात ठिकठिकाणी हटविलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या दलदलीत दहा बाय पंधरा फुटांच्या तुकड्यांवर आणून वसविले. आणि या तिन्ही हुकमांचा एकत्र परिणाम असा झाला, की कचऱ्यातून प्लास्टिक, पुठ्ठा, काच, तांबे व लोखंड निवडून त्यांची खरेदी-विक्री करणारा एक प्रचंड व्यापार येथे, कोणाच्याही दफ्तरी मंजुरीची वाट न पाहता, उभा राहिला. त्याच्या जोडीला जरीकाम आहे, शिवणकाम आहे, वाशीच्या बाजारातून पहाटे येणारा कांदा-बटाटा आहे, बकरी ईदच्या सुमारास देवनारला उतरणाऱ्या बकऱ्यांची ने-आण आहे. हा सगळा बोजा ज्या वाहनाच्या पाठीवर हलतो, ते म्हणजे डिझेलवर चालणारी पिकअप. आणि बळ, भरवसा व बैठक या तीन कसोट्यांवर तिची पारख करणे हा या लेखाचा उद्देश.

मोठ्या ट्रकला येथील गल्लीत वळता येत नाही आणि शहरात शिरण्यास वेळेची बंधने आड येतात. हातगाडीला वाशीचा पूल ओलांडवत नाही. या दोहोंमधली जागा भरून काढण्याचा उद्योग महाराष्ट्रातच सुरू झाला. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने तीनचाकी टेम्पो गोरेगावात बांधावयास घेतला, आणि त्याची छाप अशी पडली, की आजही कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी मराठी माणसाच्या तोंडी टेम्पोच असते. पुढे मॅटॅडोर आली. १९८० नंतर जपानी सहकार्याच्या हलक्या ट्रकांची लाट आली, तेव्हा सुमंत मुळगावकरांच्या टेल्कोने पुण्यात स्वतःच्या बळावर १९८६ मध्ये ४०७ काढून ती थोपविली, आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही आपली पहिली पिकअप रस्त्यावर आणली. त्याच घराण्यातील २०७ कित्येक वर्षे भंगारवाल्यांची लाडकी होती. २००५ च्या मे महिन्यात, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी पुण्यात सिद्ध केलेली टाटा एस, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेला छोटा हत्ती, बाजारात आला आणि ज्याने उभ्या आयुष्यात चारचाकीचे स्वप्न पाहिले नव्हते तो हातगाडीवाला हप्त्यांवर मालक झाला. त्यानंतर अशोक लेलँडची दोस्त, टाटांची योद्धा, मग इंट्रा. आणि या सर्वांच्या आधीपासून रस्ता अडवून बसलेली महिंद्राची बोलेरो पिकअप. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. बोलेरोच्या पुढे आलेल्या लांब नाकात त्या जीपचे रक्त अजून ओळखू येते.

आता बळ. गोवंडीच्या नाक्यावर गाडीची हॉर्सपॉवर किती, असे सहसा कोणी विचारीत नाही. ‘भरल्यावर उठते का?’ एवढाच प्रश्न असतो, आणि शास्त्रदृष्ट्या तोच प्रश्न योग्य आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते; नळकांड्यातील हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. या उग्र दाबामुळे व जोडीला बसविलेल्या टर्बोमुळे कमी फेऱ्यांतही दांड्याला मोठा पीळ (टॉर्क) मिळतो. पेट्रोलच्या इंजिनाला हाच पीळ मिळविण्यासाठी किंचाळावे लागते. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरील उड्डाणपुलाच्या चढावर पुढची वाहने अडली, मागे दीड टन लोखंड आहे आणि दुसऱ्या गिअरवर गाडी पुन्हा हलवावयाची आहे, अशा वेळी उपयोगी पडतो तो हा पीळ. जाहिरातीतील वेगाचा आकडा तेथे काहीच करू शकत नाही.

आकड्यांतच बोलावयाचे, तर पहिल्या छोट्या हत्तीत दोन नळकांड्यांचे ७०२ घनसेंटिमीटरचे इंजिन होते आणि त्याची शक्ती १६ हॉर्सपॉवर. भारासह त्याचे वजन १५५० किलो धरले, तर टनामागे जेमतेम दहा हॉर्सपॉवर पडतात. बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर इंजिनाचे ७५ हॉर्सपॉवर व सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळ, इंट्रा व्ही-५० च्या दीड लिटर इंजिनाचे ८० हॉर्सपॉवर व २२० न्यूटन-मीटर, आणि योद्धाच्या २.२ लिटर इंजिनाचे १०० हॉर्सपॉवर व २५० न्यूटन-मीटर, असा चढता क्रम लागतो. कागदावर योद्धा श्रेष्ठ ठरते, यात वाद नाही. अमेरिकेत रॅम कंपनीच्या अवजड पिकअपमध्ये कमिन्सचे ६.७ लिटरचे सहा नळकांड्यांचे डिझेल इंजिन असते व त्याचा पीळ १४५० न्यूटन-मीटरच्याही पुढे जातो. ज्या कमिन्सने १९६२ मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यास कोथरुडात कारखाना घातला तीच ही कंपनी. परंतु तेथील मालक त्या बळाने सुटीच्या दिवशी तलावावर नाव ओढून नेतो. आमच्याकडे त्याच्या सहाव्या हिश्शाच्या बळावर अख्ख्या कुटुंबाचा महिना ओढला जातो.

शिवाय बळ केवळ इंजिनात नसते. प्लास्टिकच्या बाटल्यांची पोती भरली, तर हौदा वरपर्यंत भरतो, फाळक्याच्याही वर माल जातो, ताडपत्री बांधावी लागते आणि तरीही वजन काही शेकडे किलोंच्या पुढे सरकत नाही. उलट लोखंडाच्या तुकड्यांनी हौद्याचा तळ झाकला न झाकला तोच मागचे पाटे सरळ होऊ लागतात. म्हणून पुठ्ठा-प्लास्टिकवाल्याने हौद्याची लांबी पाहावी आणि लोखंडवाल्याने पाट्यांची जाडी. दोघांनीही एकच गाडी घ्यावी असे सांगणारा विक्रेता भंगाराच्या धंद्याविषयी अनभिज्ञ समजावा. बोलेरोची कीर्ती मुख्यतः तिच्या चासीवर व पाट्यांवर उभी आहे. सव्वा, दीड व एक पूर्णांक सात दशांश टन अशा तिच्या अधिकृत मर्यादा आहेत. त्या पाळल्या जातात असे प्रस्तुत लेखक शपथेवर सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे. टाटांनी २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा आणली आणि महिंद्रांनीही आपली मर्यादा वाढविली, ती नाक्यावरचे वास्तव कागदावर उतरविण्याचीच खटपट होय.

भरवशाचा विचार अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण न बिघडणारी गाडी आणि बिघडल्यास रातोरात दुरुस्त होणारी गाडी या दोन भिन्न वस्तू असून गोवंडीला आजवर दुसरीच प्रिय होती. २०७ च्या किंवा जुन्या महिंद्राच्या इंजिनास एकदा चालू केल्यावर विजेची गरजच उरत नसे. पंप यांत्रिक, गव्हर्नर यांत्रिक, आणि नोझले नाशिकच्या मायको कारखान्यातली. ‘उस्ताद, गाडी उठत नाही,’ असे सांगत चालक रात्री दहाला गॅरेजात शिरे. उस्ताद धुराचा रंग पाही, काळा असला तर नोझल वा हवेची जाळी, पांढरा असला तर पंपाची वेळ, निळा असला तर रिंगा, असे निदान करी, नळीत हवा धरली असेल तर हातपंपाने ती काढी, आणि पहाटेच्या वाशीच्या फेरीला गाडी उभी राही. हे ज्ञान कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकविले गेले नव्हते. ते गल्लीतील पोरांनी पान्हे देता देता वर्षानुवर्षे मिळविले होते, आणि मालकाच्या दृष्टीने तेच त्याच्या गाडीचे खरे विमापत्र होते.

२०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि या विद्येचा पाया हलला. आता तेल एका समाईक नळीत हवेच्या दाबाच्या दीड हजार पटीच्या घरात दाबून ठेवलेले असते, किती थेंब केव्हा सोडावयाचे ते संगणक ठरवितो, आणि धुराच्या मार्गात काजळी धरून ठेवणारी गाळणी बसविलेली असते. ही गाळणी साठलेली काजळी स्वतःच जाळते खरी, परंतु त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि तसे होण्यास गाडी काही वेळ सलग वेगाने पळावी लागते. शीव-पनवेल महामार्ग रिकामा मिळणाऱ्यास हे साधते. बैंगनवाडीच्या सिग्नलपासून देवनारपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्यास साधत नाही. मग फलकावर दिवा लागतो, इंजिन आपली शक्ती आपणच आखडते, आणि उस्तादाच्या हाती लॅपटॉप नसल्यामुळे गाडी अधिकृत कार्यशाळेच्या रांगेत जाते. डिझेलमध्ये पाणी आल्यास जुना पंप कुरकुरत का होईना चालत असे. नव्या इंजेक्टरांना ते मुळीच खपत नाही, आणि पावसाळ्यात गोवंडीत कोठे पाणी नसते! तरीही नव्या इंजिनांची निंदा करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण ज्या वस्तीने कचराभूमीचा धूर पिढ्यानुपिढ्या घेतला, तिच्याच फुप्फुसांना या गाळणीचा सर्वांत मोठा लाभ आहे. चालकांनी एवढेच करावे, की आठवड्यातून एकदा पनवेलची सलग फेरी घ्यावी, दिवा लागताच कानाडोळा करू नये, आणि पाणी वेगळे करणारी डिझेलची जाळी वेळेवर बदलावी.

कागदपत्रांचा जाच निराळा. गोवंडीची गाडी वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात एमएच ०३ या मालिकेत नोंदली जाते. नव्या गाडीस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात डिझेल-पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा विचार करण्यास सांगितले व सरकारने त्यासाठी समिती नेमली. तेव्हापासून जुनी डिझेल गाडी घेणारा दोनदा विचार करतो. सीएनजीची पिकअप इंधनात स्वस्त पडते. पण टाक्यांचे वजन मालाच्या वजनातून वजा होते आणि चढावर डिझेलचा पीळ आठवतो.

उरली बैठक. गाडीची तुलना करताना मालक ॲव्हरेज विचारतो, हौदा मोजतो, टायर ठोकून पाहतो, आणि ज्या आसनावर एक मनुष्य दिवसाचे बारा-चौदा तास काढणार आहे त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दीड टनासाठी घडविलेला पाटा रिकाम्या गाडीस दगडासारखा असतो, आणि भाड्याच्या धंद्यात परतीची फेरी बहुधा रिकामीच असते. उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे हादरे मणक्यास सर्वाधिक बाधतात असे या विषयाचे शास्त्र सांगते. खड्ड्यांतून जाणारी रिकामी पिकअप नेमके त्याच जातीचे हादरे देते. छोट्या हत्तीत इंजिन आसनाखालीच असल्यामुळे मे महिन्यात चालक अक्षरशः चुलीवर बसतो. बोलेरोचे इंजिन पुढच्या नाकात असल्याने पायांना थोडी हवा मिळते, मात्र वळताना तेच नाक गल्लीत आड येते. ४.३ मीटर त्रिज्येत वळणाऱ्या हत्तीची सर तिला नाही. इंट्राने पॉवर स्टिअरिंग व मोटारीसारखा फलक देऊन खांद्यांचा शीण पुष्कळ कमी केला, हे तिचे मोठे पुण्य.

सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे केले. परंतु हा हुकूम एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक असलेल्या वाहनांस लागू आहे, आणि बहुसंख्य पिकअप त्या रेषेच्या किंचित आत असल्यामुळे त्यांचा चालक या दयेतून सुटला. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतचे मालवाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्वाळा दिला. तो निर्णय बेकार तरुणांच्या हिताचा आहे. पण परवानाधारक विपुल झाले, की एकाची कंबर गेली तरी दुसरा मिळतो, असा मालकाचा हिशेब होतो, आणि आसनावर चार पैसे अधिक खर्च करण्याची निकड संपते. तिन्ही कसोट्यांत बैठक सर्वांत उपेक्षित आहे आणि माझ्या मते हीच पहिली असावयास हवी, कारण थकलेल्या माणसाच्या पायाखालचा ब्रेक कितीही उत्तम असला तरी उशिराच लागतो.

तेव्हा लोखंड वाहणाऱ्याने, आणि वर्षातून चार वेळा कसारा वा खंडाळा घाट चढणाऱ्याने, बोलेरो किंवा योद्धा घ्यावी. सुटे भाग कोणत्याही नाक्यावर मिळावेत हा आग्रह असेल तर बोलेरो, चढावरचे बळ हवे असेल तर योद्धा. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून पुठ्ठा, कपडा व भाजी पोहोचविणाऱ्यास इंट्रा पुरेशी आहे. जुनी २०७ स्वस्तात मिळाली, तरी पुढील पासिंगची तारीख पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. आणि गाडी कोणतीही घ्या, सौदा ठरण्यापूर्वी ती जो रोज चालविणार आहे त्याला, हौदा एकदा भरून व एकदा रिकामा करून, मानखुर्दपासून वाशीपर्यंत चालवू द्या; मालकाच्या मतापेक्षा त्याचे मत अधिक खरे निघेल.