विश्लेषण : छोटी ‘ड्युअल स्पोर्ट’ महामार्गावर का दमते, पेट्रोल का पिते?

डांबर संपल्यावरही पुढे जाता यावे म्हणून अनेक जण २०० सीसीच्या आसपासची ‘ड्युअल स्पोर्ट’ दुचाकी घेतात. मात्र महामार्गावर ती दमते, ॲव्हरेजही पडते, अशी तक्रार लवकरच सुरू होते. दोष इंजिनाचा की वापराचा?

सीसी तेवढेच, मग पॉवर कमी कशी?

हीरोने २०११ मध्ये १५० सीसीची ‘इम्पल्स’ आणि २०१९ मध्ये ‘एक्सपल्स २००’ बाजारात आणली. एक्सपल्सच्या नंतर आलेल्या चार व्हॉल्व्हच्या आवृत्तीची पॉवर १९.१ पीएस आहे, ती ८,५०० आरपीएमला मिळते. जवळपास तितक्याच सीसीची बजाजची ‘पल्सर एनएस २००’ २४.५ पीएस देते, पण त्यासाठी इंजिन ९,७५० आरपीएमपर्यंत न्यावे लागते. टॉर्कमध्ये, म्हणजे ओढीत, फरक फार नाही. एक्सपल्सचा टॉर्क १७.३५ न्यूटन मीटर, तर एनएसचा १८.७४. मात्र एक्सपल्सला तो ६,५०० आरपीएमला मिळतो, एनएसला ८,००० ला. दगडाधोंड्यांच्या चढावर वेग नसतो, तिथे लवकर मिळणारी ओढच कामी येते. त्यासाठी वरच्या आरपीएमची पॉवर सोडून दिलेली असते.

गिअरिंगचा संबंध काय?

चढावर गाडी बंद पडू नये म्हणून अशा गाड्यांचे गिअरिंग ‘छोटे’ ठेवतात. त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेरीमागे इंजिन जास्त फिरते. आणखी ओढ हवी म्हणून काही जण पुढचे स्प्रॉकेट बदलतात. १४ दातांच्या जागी १३ दातांचे बसवले, तर त्याच वेगाला इंजिन सुमारे ८ टक्के जास्त फिरते. डोंगरात याचा फायदा होतो, महामार्गावर तोटा.

वेग वाढला की ॲव्हरेज इतके का पडते?

गाडी उंच, चालकाची बैठक ताठ. म्हणजे वाऱ्याला छाती उघडी. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किमीने गेल्यास तो सव्वादोन पट होतो आणि तो तोडण्यासाठी सुमारे ३.४ पट पॉवर लागते. छोट्या इंजिनाकडे शिल्लक पॉवर थोडीच असते, त्यामुळे थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडावा लागतो. त्यात गुट्ट्यांचे टायर आणि मागे बांधलेल्या बॅगांची भर पडते. कच्च्या वाटेसाठी कमी केलेली टायरमधली हवा डांबरावर आल्यावर पुन्हा भरली नाही, तर पेट्रोल आणखी जळते आणि टायर तापतो.

प्रवासाचे गणित कसे बदलते?

एक्सपल्सची टाकी १३ लिटरची आहे. लिटरला ४५ किमी मिळाले तर ५८५ किमीचा पल्ला, ३५ मिळाले तर ४५५ किमी. म्हणजे १३० किमीचा फरक. कावासाकीच्या ‘केएलएक्स २३०’ ची टाकी अवघी ७.६ लिटरची. ३५ च्या ॲव्हरेजने तिचा पल्ला २६६ किमी, २५ च्या ॲव्हरेजने १९०. पंप दूरदूर असलेल्या डोंगराळ भागात हा फरक गाडी ढकलायला लावू शकतो. शेवटचा लिटर हिशेबात न धरलेलाच बरा.

खरे ॲव्हरेज कसे काढावे?

टाकी फुल करून किमीची नोंद घ्यावी, गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पातळीपर्यंत फुल करावी. चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. असे दोन-तीनदा केल्यावरचा आकडा ग्राह्य धरावा. गाडीचा वेग गिअरबॉक्सवरून मोजला जात असेल, तर छोटे गिअरिंग बसवल्यावर मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त किमी दाखवतो आणि ॲव्हरेज उगाच चांगले दिसते. सेन्सर पुढच्या चाकावर असेल, तर ही चूक होत नाही.

मग घ्यावी की नाही?

आठवड्याचे पाच दिवस महामार्गावरून लांब जायचे असेल, तर त्याच सीसीची साधी रस्त्यावरची गाडी सोयीची. घाट, खराब रस्ते आणि कच्च्या वाटा नेहमीच्या असतील, तर ड्युअल स्पोर्टला पर्याय कमीच. ती घेतल्यावर मूळ स्प्रॉकेट कायम ठेवावे, चेन स्वच्छ आणि तेल लावलेली असावी, टायरमधली हवा तपासावी आणि मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ६०-७० च्या दरम्यान ठेवावा. ॲव्हरेज सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.