पाणवनस्पतींवरील बुळबुळीत थर

तळ्यातून हायड्रिलाची एखादी काडी उपटून बोटांत धरली, तर ती बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणा म्हणजे केवळ घाण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सूक्ष्म शैवाले, जीवाणू आणि त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा तो पातळ थर असतो. ज्या तळ्यात गावाचे सांडपाणी उतरते, त्यातील नत्राचे पुढे काय व्हावयाचे, हे पुष्कळ अंशी या थरात ठरते.

सांडपाण्यातील नत्र बव्हंशी अमोनियाच्या रूपाने येतो, आणि अमोनिया वाढला की मासे दगावतात. काही जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट बनवितात. हे काम सजीवांचे आहे, हे श्लेझिंग आणि म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 साली दाखविले. विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास ते जीवाणू वेगळे काढले. दोन पायऱ्या, दोन निरनिराळे जीवाणू, हा पाठ त्यानंतर शतकाहून अधिक काळ चालला. दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा जीवाणू सापडला तो 2015 साली!

या कामाला प्राणवायू मात्र फार लागतो. अमोनियातील एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. आणि 25 अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून विरघळतो तो आठ मिलिग्रॅमहून थोडासाच अधिक. प्राणवायू संपला, की दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायूवर श्वसन चालवितात आणि मोकळा झालेला नत्रवायू हवेत निघून जातो. पहिल्या क्रियेने नत्राचे रूप तेवढे पालटते. तळ्याची खरी सुटका होते ती या दुसऱ्या क्रियेने.

आता प्रवाहाकडे वळू. पानाला लगटून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर पडदा असतो. प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो, म्हणून हा पडदा पातळ असला तरी मोठा अडसर ठरतो. प्रवाह वाढला की पडदा विरळ होतो. दिवसा वनस्पती व शैवाले स्वतःच प्राणवायू निर्माण करतात. संथ पाण्यात तो थरातच साचून राहतो, तर वाहते पाणी त्यातील काही घेऊन जाते. रात्री मात्र सर्वांचे श्वसन तेवढे चालते. पाणी संथ असेल तर थरातील प्राणवायू लवकरच सरतो आणि नायट्रेट फोडणाऱ्या जीवाणूंना संधी मिळते; पण त्यांचे खाद्य, म्हणजे नायट्रेट, तेही त्याच पडद्यातून सावकाश झिरपत येते.

मग रात्री पाणी हलले तर? पाणी प्राणवायूने भरलेले असेल, तर तो थरात शिरतो व नायट्रेटचा नाश मंदावतो. पाण्यात प्राणवायू अल्प आणि नायट्रेट विपुल असेल, तर तोच प्रवाह त्या नाशाला जोर देतो. वाहते पाणी निर्मळ, हे म्हणणे येथे अर्धेच खरे आहे.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या एरिक्सन आणि वाइसनर यांनी 1990 च्या दशकात सांडपाण्याच्या जलाशयातील पाणवनस्पतींवर याच थराचा अभ्यास केला. नत्र घालविण्याचे काम केवळ तळाच्या गाळात चालते असे नव्हे, तर पानांवरील थराचा त्यात महत्त्वाचा वाटा असतो, असे त्यांना आढळले. तळे साफ करण्याच्या नावाखाली सर्व वनस्पती एकदम उपटल्या, तर पानांच्या रूपाने पाण्यात पसरलेली ही जागाही त्यांच्याबरोबर काठावर येऊन वाळून जाते.