अंत्याच्याही पलीकडे
मोजमापांची गोष्ट : लेखांक ९

विहिरीला पाणी किती, असे विचारले की गावाकडची जुनी माणसे ‘दोन परस’ असे सांगत. कापड वारावर मोजले जाई आणि सोने गुंजांवर. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सराफाने कधी खंडीची भाषा केली नाही आणि धान्याच्या व्यापाऱ्याने कधी गुंजा मोजल्या नाहीत. ज्याचा जो व्यवहार, त्याला साजेसे माप. म्हणूनच आकडा नेहमी तोंडात मावेल एवढाच राही: दोन परस, चार गुंजा, पाच वार.

मागच्या लेखांकात आपण अणूपर्यंत पोचलो. अणूचा व्यवहार अँगस्ट्रॉममध्ये किंवा पिकोमीटरमध्ये चालतो. सोन्याच्या अणूची रुंदी सुमारे २८८ पिकोमीटर. आज त्या अणूच्या आत शिरायचे आहे, आणि आत पाऊल टाकताच हे मापही खंडीसारखे मोठे पडते.

ही गोष्ट सोन्यापासूनच सुरू होते. मँचेस्टरमध्ये १९०९ साली अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करत होते. त्यांच्या सोन्याच्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाएवढी होती. एवढ्या जाडीतही अणूंचे हजाराहून अधिक थर बसतात. तरी बहुतेक कण त्यातून जवळजवळ सरळ निघून गेले. सुमारे २० हजारांमागे एखादाच कण काटकोनात वळावा तसा फिरला. १९११ साली रदरफर्ड यांनी याचा अर्थ लावला: अणूचा धन विद्युतभार आणि जवळजवळ सगळे वजन मधल्या एका बारीक ठिपक्यात आहे. अल्फा कण त्या ठिपक्याच्या किती जवळ जाऊन परतत असेल, याचा हिशेबही त्यांनी मांडला. आजच्या भाषेत तो आकडा ३४ फेम्टोमीटर येतो. ठिपका त्याहूनही लहान असणार, हे उघड होते.

फेम्टोमीटर म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग नॅनोमीटर. त्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग केले की एक भाग फेम्टोमीटर. मीटरपासून मोजले तर छेदात १ वर १५ शून्ये येतात.

शून्यांनी डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही, म्हणून मोहरी घेऊ. सोन्याच्या अणुकेंद्राची रुंदी सुमारे १४ फेम्टोमीटर. ते केंद्र फुगवून दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढे केले, तर त्याच प्रमाणात अख्खा अणू ४० मीटर रुंद होईल. म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक आखायच्या. एका टोकाला एक मोहरी, दुसऱ्या टोकाला शेजारच्या अणूची मोहरी, आणि मधल्या साऱ्या मैदानात वावर फक्त इलेक्ट्रॉनांचा. सराफाच्या तराजूत सोन्याचे जे वजन भरते, ते जवळजवळ सगळे या मोहऱ्यांचे असते.

एवढी लहान वस्तू मोजायची कशाने? खाडीत रोवलेली काठी आठवा. भरतीची लांबरुंद लाट काठीला जुमानत नाही, ती आली तशी पुढे जाते. तीच लाट मोठ्या खडकावर आली की फुटते, वळते. लाटेच्या मानाने वस्तू फार लहान असली, तर लाट तिची खबर आणत नाही. हिरव्या उजेडाच्या एका लाटेची लांबी सुमारे ५० कोटी फेम्टोमीटर भरते. त्या लाटेला अणुकेंद्र कळणारच नाही. मात्र इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो, आणि त्याची ऊर्जा जितकी वाढवावी तितकी त्याची लाट आखूड होते.

रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये नेमके हेच केले. लांबलचक त्वरकातून वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांवर सोडायचे आणि कोणत्या कोनात किती विखुरतात ते मोजायचे. त्यातून अणुकेंद्रांचे आकार उलगडले. प्रोटॉनही निव्वळ बिंदू नाही, त्याला आकारमान आहे, हे त्यांनी दाखवले आणि त्याची त्रिज्या पाऊण फेम्टोमीटरच्या आसपास काढली. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रोजच्या कामाला माप लागले की त्याला नावही लागते. एन्रिको फर्मी यांचे नोव्हेंबर १९५४ मध्ये निधन झाले होते. १९५६ च्या आपल्या लेखात हॉफस्टॅटर यांनी या लांबीला ‘फर्मी’ म्हणावे असे सुचवले. पुढे १९६४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘फेम्टो’ हा उपसर्ग अधिकृत केला. तो डॅनिश भाषेतल्या ‘पंधरा’ या अर्थाच्या शब्दावरून घेतलेला. योगायोग असा की दोन्ही नावांचे रोमन लिपीतले संक्षिप्त रूप एकच होते. नियमाचे नाव फेम्टोमीटर झाले, पण अणुकेंद्रावर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात फर्मी आजही आहे.

माप अंगाचे असले की निसर्गातला नियमही ठळक दिसू लागतो. बुंदीचा लाडू घ्या. लाडू दुप्पट रुंद हवा असेल तर बुंदी आठपट लागते. अणुकेंद्रही प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या कळ्यांचा असाच गच्च वळलेला लाडू आहे. कळ्यांच्या संख्येचे घनमूळ काढायचे आणि १.२ ने गुणायचे, की साधारण त्रिज्या फर्मीमध्ये मिळते. अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रात २७ कळ्या. घनमूळ ३, म्हणून त्रिज्या ३.६ फर्मी. सोन्यात १९७ कळ्या, त्रिज्या सुमारे ७ फर्मी. हाच हिशेब मीटरमध्ये मांडला, तर शून्यांच्या गर्दीत तो लाडू दिसलाच नसता.

फर्मीच्या खालची पायरी अ‍ॅटोमीटर, म्हणजे फर्मीचा हजारावा भाग. हाही उपसर्ग १९६४ चाच, डॅनिश ‘अठरा’वरून आलेला. प्रोटॉनची त्रिज्या ०.८८ फर्मी आहे असे मानले जात असताना, २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगात ती ०.८४ निघाली. तिथे हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्या सुमारे २०७ पट जड असलेला म्यूऑन बसवला होता. तो प्रोटॉनच्या फार जवळून वावरतो, म्हणून प्रोटॉनचा आकार त्याला अधिक जाणवतो. दोन आकड्यांत फरक जेमतेम ३५ अ‍ॅटोमीटरचा, पण त्याने जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली. फेरमोजण्या झाल्या आणि आता मान्य आकडा ०.८४ च्या घरात आहे.

अ‍ॅटोमीटरचे माप आता आपल्या दारातही येणार आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली, तेव्हा त्यांच्या चार किलोमीटर लांब भुजांमध्ये पडलेला फरक होता सुमारे चार अ‍ॅटोमीटर, म्हणजे प्रोटॉनच्या रुंदीचा चारशेवा भाग. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. दोन परसांवर पाणी मोजणाऱ्या मुलखात उद्या अ‍ॅटोमीटर मोजला जाईल.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांत १ वर १५ शून्ये म्हणजे ‘अंत्य’. मीटरचा अंत्यावा भाग तो फर्मी. अंत्यानंतर मध्य आणि परार्ध येतात, आणि तिथे यादी संपते. अ‍ॅटोमीटरच्या छेदात १८ शून्ये आहेत, परार्धाहून एक जास्त. मोजणारा हात यादीच्या पुढे गेला, की नवे नाव घडवावेच लागते. १९९१ साली झेप्टो आणि योक्टो आले, २०२२ साली राँटो आणि क्वेक्टो. त्यांतली काही मापे अजून मोजण्याजोग्या वस्तूची वाट पाहत आहेत.

(पुढच्या आठवड्यात : दहा फर्मी लांब आणि दहा फर्मी रुंद चौकोनाला शास्त्रज्ञ ‘धान्याचे कोठार’ का म्हणू लागले?)