बुडबुडे मोजतात टाकीची पातळी

तत्त्व : टाकीत वरून तळाजवळपर्यंत एक नळी सोडतात आणि तिच्यातून हवेचा बारीक, स्थिर प्रवाह चालू ठेवतात. नळीच्या टोकातून बुडबुडे निघू लागले, की आतील हवेचा दाब टोकावरच्या द्रवस्तंभाच्या दाबाइतका होतो. तो दाब मोजला, की पातळी कळते. या उपकरणाला ‘बबलर’ म्हणतात.

हिशेब : १ मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल. दाब ३९.२ किलोपास्कल आला, तर टोकावर ४ मीटर पाणी आहे. १.४ विशिष्ट गुरुत्वाच्या मळीसाठी मात्र तोच दाब सुमारे २.८६ मीटर पातळी दाखवतो. म्हणून द्रवाची घनता माहीत हवीच.

संदेश : वायुचलित यंत्रणेत पातळी ३ ते १५ पीएसआय दाबाच्या रूपात नियंत्रण कक्षात पोहोचते. रिकाम्या टाकीलाही ३ पीएसआय येतो. त्यामुळे शून्य दाब म्हणजे हवेची वाहिनी तुटली किंवा पुरवठा बंद पडला.

कुठे उपयोगी : सांडपाणी, आम्ले, गाळमिश्रित द्रव. द्रवाचा संपर्क फक्त नळीशीच येतो. टाकीत वीज किंवा हलता भाग नसतो. ज्वालाग्राही द्रवासाठी हवेऐवजी नायट्रोजन वापरतात.

दक्षता
- टोक तुंबले, तर पातळी खोटी जास्त दिसते. वाहिनी गळाली, तर कमी.
- टोकाखालचा द्रव मोजला जात नाही.
- बंद टाकीत द्रवावरच्या वायूचा दाब वजा करावा लागतो.